अनवाणी

बांद्याहून निघताना चपला घरीच ठेवल्या. आई दुखण्यातून उठली तर जुन्या गोव्याला गोंयच्या सायबाकडे, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरकडे, अनवाणी जाईन, असा नवस होता. पत्रादेवीचा नाका ओलांडेपर्यंत मी खरंच आईसाठी चालत होतो.

पेडण्याच्या चढावर माझी नजर दुसऱ्यांच्या पायांवर जाऊ लागली. कुणाचे बूट, कुणाच्या सँडल. धारगळला एक मावशी सामानाच्या टेम्पोत बसल्या, तेव्हा मी शेजारच्या मुलाला म्हणालो, "एवढंच होतं तर बसने यायचं." आणि लगेच पुढची रोजरी, जपमाळेची प्रार्थना, मीच सुरू केली, खड्या आवाजात.

म्हापशाच्या मुक्कामी त्याच मावशी कोमट पाण्यात मीठ घालून टोप घेऊन आल्या. माझे पाय पाण्यात धरून म्हणाल्या, "दुकता काय रे, पुता?" मी पाय मागे ओढले. 'तुम्ही माझे पाय कधीच धुवायचे नाहीत' असं येशूला म्हणणारा त्याचा शिष्य पेत्र आठवला. वरून ती नम्रता दिसते. माझ्यात मात्र ती नम्रता नव्हती. जिला मी दुपारी मोडीत काढलं, तिच्याकडून काही घेणं मला सोसत नव्हतं.

मध्यरात्रीनंतर पुन्हा निघालो. मांडवीचा पूल, पणजी, मग रायबंदरचा तो सतराव्या शतकातला पोर्तुगीज बांध, दोन्ही बाजूंना मिठागरं आणि तिवरं. तिथे उजाडलं. ३ डिसेंबर, सायबाच्या फेस्ताचा, सणाचा दिवस.

मिस्सा या प्रार्थनाविधीआधी कुमसाराला, म्हणजे फादरपुढे पापांची कबुली द्यायला, बसलो. रागावलो, खोटं बोललो, दोन रविवार चुकवले. "आणखी काही?" फादरनी विचारलं. "नाही, फादर." मला ते खरंच वाटत होतं.

त्या दिवशीचं बायबलमधलं वाचन पौलाचं असतं, करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा नववा अध्याय: सुवार्ता सांगितली म्हणून मला मिरवायला जागा नाही. ते ऐकताना धाकटा भाऊ आठवला. घरामागच्या बांधावरून आमचं चार वर्षं बोलणं नाही. पण मी त्याच्यासाठी रोज प्रार्थना करतो, 'प्रभू, त्याला सद्बुद्धी दे.' चार वर्षं ह्यालाच मी क्षमा समजत आलो. देवापुढे गुडघे टेकूनसुद्धा मी त्याच्याहून वरच उभा होतो, आणि तो बांध कुणी सरकवला हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

मिस्सा संपली. बाकीचे सायबाच्या शवपेटीच्या दर्शनाला बॉम जेझू चर्चकडे निघाले. मी कुमसाराच्या रांगेत पुन्हा शेवटी जाऊन उभा राहिलो.