ऊस ग्रो होतो, पाणी राइज होतं आणि पोरं सगळीकडं इन्क्रीज लिहितात

'ग्रो' हा शब्द आपल्याकडच्या प्रत्येक पोराला येतो, ग्रो ग्रू ग्रोन, झोपेतनं उठवून विचारलं तरी सांगतील. आणि गाइडमध्ये त्याच्यापुढं बरोबरचं चिन्ह टाकून इन्क्रीज, डेव्हलप, एक्स्पांड, राइज अशी रांग लावलेली असते. मी सांगलीत विश्रामबागला घरीच इंग्लिशचे क्लास घेते, नववी दहावीची पोरं जास्त, माधवनगर कवलापूर तासगाव बाजूनं येणारी पण बरीच, आणि माझं स्पष्ट मत आहे की ती बरोबरच्या चिन्हाची रांगच सगळा घोटाळा करते. मुलं पाठ करतात आणि मग निबंधात येतं 'माय सिस्टर इज इन्क्रीजिंग डे बाय डे'. स्पेलिंग बरोबर, व्याकरण बरोबर, वाक्य मात्र चुकीचं. इन्क्रीज होतो तो आकडा. पगार, भाडं, खर्च, वजन, गर्दी. बहीण नाही होत.

आकडा ग्रो होतच नाही असं पण नाही हं, लोकसंख्या ग्रो होते, धंदा ग्रो होतो, ते चालतं. पण जिवंत जीव इन्क्रीज होत नाही, त्यांची संख्या होते. एवढं एक डोक्यात बसलं तरी निम्म्या चुका जातात.

मला खरं वाईट याचं वाटतं की आमच्या पोरांकडं हा फरक आधीपासून असतो, फक्त तो इंग्लिशच्या तासाला कुणी विचारत नाही. परवा एका पोराला म्हटलं इंग्लिश राहू दे बाजूला, तुमच्या बागेत छाटणीनंतर काय काय होतं ते सांग. घरची द्राक्षबाग, त्यामुळं गडी सुटलाच. ऑक्टोबरची छाटणी झाली की डोळे फुटतात मॅडम, मग पोंगा, मग पोंग्यातनं घड बाहेर निघतो, फुलोरा येतो, सेटिंग होतं, मणी धरला की फुगवण, त्यासाठी जीएचं, म्हणजे संजीवकाचं, डिपिंग, मग मण्यात पाणी उतरतं, मग साखर भरते, मग माल तयार. एका दमात. यात 'वाढलं' हा शब्द त्यानं एकदा पण वापरला नाही बघा! प्रत्येक टप्प्याला वेगळा शब्द, कारण प्रत्येक टप्प्याला काम वेगळं, औषध वेगळं. मग आम्ही ते फळ्यावर लावत गेलो. डोळा फुटतो ते स्प्राउट, शेंडा चालतो ते ग्रो, फुलोरा म्हणजे ब्लूम, मणी फुगतो तो स्वेल होतो, आणि तयार होतो तो राइपन. पाचही शब्द त्याला गाइडमधनं माहिती होते, पण ते पहिल्यांदा एकमेकांपासून वेगळे झाले. जाताना म्हणला मॅडम उसाचं पण करूया उद्या.

नदीचं पण तसंच. पावसाळ्यात सांगलीत माणूस भेटला की पहिला प्रश्न, पाणी किती फुटावर? कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० ला इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ ला तर ५७ च्या वर गेलेलं. आपण म्हणतो पाणी वाढलं, म्हणून पोरं लिहितात 'द वॉटर ग्रू'. तिथं राइज पाहिजे, द वॉटर रोज. वर चढणाऱ्या गोष्टीला राइज, पाणी, सूर्य, तापमान, भाव. आणि फुगलेल्या नदीला पण तोच मण्याचा स्वेल, स्वोलन रिव्हर. राइजचा भाऊ रेज, त्याला मात्र कुणीतरी करणारा लागतो, हात रेज करायचा, आवाज रेज करायचा, आणि लेकरं नि जनावरं पण रेज करायची. 'वी ग्रो ग्रेप्स' एकदम बरोबर, 'वी ग्रो बफेलोज' नाही, म्हशी रेज करतात.

माणसाच्या बाबतीत सगळ्यात जास्त लागतो तो 'ग्रो अप'. मी सांगलीत लहानाची मोठी झाले म्हणजे आय ग्रू अप इन सांगली, तो अप सोडायचा नाही. कपडे आखूड व्हायला लागले की पोरगं त्यातनं 'ग्रो आउट ऑफ' झालं, सवयींना पण हेच, अंगठा चोखायची सवय सुटली तरी. ग्रो ओल्ड, ग्रो डार्क यात तर वाढण्याचा काही संबंधच नाही, तिथं अर्थ फक्त हळूहळू 'होत जाणं'. आणि माझा सगळ्यात आवडता म्हणजे 'ग्रो ऑन', एखादी गोष्ट आधी खास वाटत नाही आणि मग तिची गोडी लागते, ते. गाण्यातला एखादा राग, एखादं गाव, नवीन सून आणि सासूसुद्धा.

डेव्हलप आपण फक्त प्लॉट आणि एरियाला वापरतो, पण मुळात तो जुन्या फ्रेंचमधनं आलाय आणि अर्थ आहे गुंडाळलेलं उलगडणं, पाकिटाच्या एन्व्हलपचा तो सख्खा भाऊ. म्हणून पूर्वी फोटोचा रोल डेव्हलप करायचे, आत असलेलं बाहेर यायचं. म्हणूनच भिंतीला तडा पण डेव्हलप होतो नि मुलाला वाचनाची आवड पण. एक्स्पांड म्हणजे पसरणं, तापल्यावर लोखंड, किंवा एकाचे दोन गाळे झाले की दुकान. एन्लार्ज फोटो होतो नाहीतर सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये लिव्हर. मॅच्युअर तर बँकेतल्या एफडीमुळं आजीला पण माहिती आहे.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, ग्रो, ग्रास आणि ग्रीन हे तिन्ही एकाच जुन्या मुळातनं आलेत, म्हणजे वाढ म्हटलं की त्या लोकांच्या डोळ्यापुढं हिरवंच आलं असणार. सातवीच्या पोरांना हे सांगितलं की स्पेलिंग वेगळं पाठ करून घ्यावं लागत नाही.

आणि इन्क्रीजबद्दल राहिलंच. शेवटचा उच्चार ज नाही, स आहे, इन्क्रीस. क्रियापद असेल तर जोर क्रीस वर, नाम असेल तर इन् वर. दहावीच्या पोरांनो, तोंडी परीक्षेला जायच्या आधी हे दोन्ही मोठ्यानं म्हणून बघा, आणि उसाचे शब्द लिहून आणायला विसरू नका, फुटव्यापासनं तुऱ्यापर्यंत सगळे पाहिजेत मला.