शिया बटर लंडनलाच राहू दे, गावी कोकमाचं मुठेल आहे

लंडनच्या ब्रिक्स्टन आणि पेकहॅम भागात कुरळ्या केसांच्या सामानाची दुकानं आहेत. घानाहून आलेलं पिवळसर शिया बटर (शियाच्या बियांचं घट्ट तेल), जेलच्या बरण्या, रुंद दातांचे कंगवे, रात्री डोक्याला बांधायच्या सॅटिनच्या टोप्या. कोकणातून आलेल्या कुरळ्या केसांच्या मुलीला इथे पहिल्यांदाच असं दुकान भेटतं, जिथे कोणी ‘स्ट्रेट करून घेतेस का?’ असं विचारत नाही. मग गणपतीला गावी जाताना ती निम्मी बॅग याच सामानानं भरते, आणि रत्नागिरीला उतरल्यावर तिसऱ्या दिवशी केस वर चिकट आणि खाली पिंजारलेले. सामान वाईट नसतं. हवा वेगळी असते.

लंडनच्या हिवाळ्यात हीटर लावलेल्या खोलीत हवा कोरडी ठक्क असते. केसातलं पाणी उडू नये म्हणून वरून जाड स्निग्ध थर द्यावा लागतो. कोकणात पावसाळ्यात हवेतच इतकं पाणी असतं की केस ते ओढून घेतो, फुगतो आणि बट विस्कटते. ग्लिसरीन ओलावा खेचतं, त्यामुळे ग्लिसरीन भरपूर असलेली क्रीम श्रावणात लावली की केस पिंजारणं ठरलेलं. आपल्याकडे थर हवा तो बट धरून ठेवणारा, आणि तोही पातळ.

दुसरा फरक पाण्याचा. लंडनचं पाणी चुनखडीतून येतं, जड असतं. साबणाचा साका केसावर बसतो आणि केस खरखरीत लागतो. तिथे एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर घालून शेवटचं पाणी घेतात. जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी बहुधा हलकं असतं, तिथे याची गरज नाही. समुद्राजवळची विहीर मचूळ असेल तर मात्र शेवटचे दोन तांबे पावसाच्या किंवा पिण्याच्या पाण्याचे घ्या.

केसांच्या सामानावर लिहिलेल्या ‘केमिकल-फ्री’ या शब्दाबद्दल एक खुलासा. पाणीही रसायनच आहे. प्रश्न केसाची घडण तोडणाऱ्या रसायनांचा आहे. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो आणि त्यातले गंधकाचे बंध त्याचा आकार टिकवतात. अमेरिका-ब्रिटनमधल्या कृष्णवर्णीय बायका पिढ्यान्‌पिढ्या वापरत आल्या त्या केस सरळ करायच्या ‘रिलॅक्सर’मध्ये बहुधा सोडियम हायड्रॉक्साइड असतं, म्हणजे कॉस्टिक सोडा. आपल्याकडच्या रीबाँडिंगमध्ये थायोग्लायकोलेट नावाच्या रसायनानं तेच बंध तोडतात, केस इस्त्रीनं सरळ करतात आणि नव्या आकारात पुन्हा जोडतात. काही केराटिन ट्रीटमेंटमध्ये तापवल्यावर फॉर्माल्डिहाइडची वाफ निघते, डोळे चुरचुरतात ते त्यामुळे. २०२२ साली अमेरिकेत तेहेतीस हजारांहून अधिक बायकांच्या पाहणीचे निष्कर्ष आले. केस सरळ करायची रसायनं कधीच न वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण १.६४ टक्के, तर वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के असा अंदाज त्यात होता. यावरून कारण सिद्ध होत नाही, पण लग्नाआधी ‘एकदा करूनच टाकूया’ म्हणणाऱ्या मावशीला हे आकडे दाखवायला हरकत नाही. कुरळ्या केसांवरून शाळेत किंवा नोकरीत डावलू नये असा क्राउन अ‍ॅक्ट कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये केला. आपल्याकडे ‘झिंज्या आवर’ एवढ्यावरच भागतं.

रीबाँडिंग केलेला केस पुन्हा कुरळा होत नाही. मुळातून येतो तो नवा केस कुरळा, आणि तो महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. जुना सरळ आणि नवा कुरळा जिथे जुळतात तिथेच केस तुटतो. म्हणून एकतर सगळा सरळ भाग एकदम कापा, नाहीतर दर दोन महिन्यांनी दोन-दोन बोटं. मधल्या काळात त्या सांध्यावर कंगवा चालवायचा नाही, गुंता बोटांनीच काढायचा.

आता न्हाण्याचं. आदल्या रात्री किंवा निदान दोन तास आधी केसांच्या लांबीला आणि शेंड्यांना खोबरेल लावा, खांद्यापर्यंतच्या केसांना दोन-तीन चमचे पुरे. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाला हे जमलं नव्हतं. म्हणजे आजी बरोबर होती. फक्त एका बाबतीत नाही. कोंडा असेल तर डोक्याच्या कातडीवर तेल थापून ठेवू नका, कोंड्यामागची बुरशी त्या तेलावरच पोसते. आणि तेल म्हणजे ओलावा नव्हे. कोरड्या केसावर तेल चोपडलं तर कोरडेपणा फक्त चकाकतो.

धुण्यासाठी पाच-सहा रिठे बिया काढून, तेवढ्याच शिकेकाईच्या शेंगा आणि मूठभर आवळकाठी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी निम्मं होईपर्यंत उकळा आणि मलमलीतून दोनदा गाळा. बाजारची पूड कालवून लावू नका. सरळ केसातून ती निघते, कुरळ्या केसात वाळूसारखी अडकून बसते आणि चार दिवस उशीवर पडत राहते. नुसता रिठाही नको, तो केस रखरखीत करतो, आणि डोळ्यात गेला तर पुढचा अर्धा तास तुमचा नाही. काढा फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतो. बाहेर ठेवला तर वासावरूनच कळतं. आठवड्यातून एकदा धुणं पुरे, घामाच्या मे महिन्यात दोनदा. महिन्यातून एखाद्या वेळी सौम्य शांपू वापरला तर कोणतंही व्रत मोडत नाही.

मग जास्वंद. परसातली पंधरा-वीस पानं थोड्या पाण्यात चुरडली की हाताला बुळबुळीत गीर लागतो. तो गाळून ओल्या केसांना चोळा, केसांचे चार भाग करा आणि शेंड्यांपासून वर असा गुंता सोडवा. गुंता काढायची वेळ हीच, वाळल्यावर नाही. मुळापासून खाली कंगवा ओढला की सगळ्या गाठी एका जागी जमतात आणि केस तुटतो. महिनोन्‌महिने हात न लावलेल्या केसांत अशाच गाठी घट्ट होऊन जट बनते. तिच्यात देवीबिवी काही नसते, तेल, धूळ आणि गुंता असतो.

बट धरायला जवस. चार मोठे चमचे जवस दोन कप पाण्यात सात ते दहा मिनिटं उकळा, सतत ढवळत. डाव उचलल्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटली की गॅस बंद. गरम असतानाच गाळा. ‘निवू दे, मग बघू’ म्हणालात तर ते गाळणीतून उतरणार नाही, हे जवळजवळ प्रत्येकाचं एकदा होतंच. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. केस निथळत असताना, दाबल्यावर पचपच आवाज यायला हवा इतके ओले असताना, हे जेल लावायचं. बट ओंजळीत घेऊन खालून वर दाबायची, पुसायची नाही. जास्तीचं पाणी टॉवेलनं नाही, जुन्या सुती पंच्यानं टिपायचं. वाळताना हात लावायचा नाही. वाळल्यावर केस कडक, पापुद्र्यासारखे लागतात. घाबरू नका, तळव्यावर खोबरेलाचे दोन थेंब चोळून केस चुरा, कडकपणा जातो आणि बट राहते. पांढरे कण पडले तर जेल फार घट्ट झालं किंवा केस पुरेसे ओले नव्हते.

पावसात केस सकाळीच धुवा आणि पंख्याखाली वाळवा, नाहीतर थंड हवेच्या ड्रायरनं. ओले केस बांधून ठेवले की दुसऱ्या दिवशी कुबट वास येतो आणि डोकं खाजतं. घट्ट तिपेडी वेणी, वर गजरा, असं रोज केलं तर कपाळाकडची रेषा मागे सरकते. अंबाडा सैल बांधा.

तारकर्लीला पाण्यात उतरायचं असेल तर आधी केस गोड्या पाण्यानं भिजवा, खोबरेल लावा, वेणी घाला. भिजलेला केस खारं पाणी कमी पितो. स्नॉर्केलिंगच्या मास्कचा रबरी पट्टा मोकळ्या कुरळ्या केसात अडकला तर काढताना मूठभर केस सोबत येतात. पट्ट्याखाली कापडी पट्टी घ्या.

आणि मुठेल. कोकमाच्या बियांचं हे घट्ट तेल घरोघरी टाचांच्या भेगांसाठी असतं. शिया बटरचं काम ते छान करतं, फक्त नुसतं चोळलं तर टणक लागतं. एक भाग मुठेल आणि तीन भाग खोबरेल गरम पाण्यात ठेवलेल्या वाटीत वितळवा. वाटाण्याएवढं घ्यायचं, फक्त शेंड्यांना, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. पावसाळ्यात डबा बंद. परत लंडनला जाताना हेच मिश्रण एकास एक करून न्या, तिथे ते हवं. खोबरेल चोविसेक अंशांखाली गोठतं, त्यामुळे तिथे बाटलीतून निघत नाही, रुंद तोंडाची बरणी घ्या. मुठेलाचा गोळा मात्र चाळीस अंशांच्या आसपासच वितळतो, तो चेक-इन बॅगेत घट्ट झाकणाच्या डब्यात जाऊ दे. डब्यावर नाव लिहा, नाहीतर घरचं कोणीतरी तो टाचांना लावून संपवेल.