यमाच्या देवळात बाण, तलवारीच्या तालमीत ध्यान

टोकियोहून योकोसुका लाईन पकडली की तासाभरात किता-कामाकुरा येतं. स्टेशनाबाहेर पडलं की एंगाकुजी मंदिर समोरच. रेल्वेचे रूळ चक्क त्याच्या आवारातून गेलेत. 1274 आणि 1281 च्या जपानवरच्या मंगोल स्वाऱ्यांत मेलेल्यांसाठी, आपल्या आणि शत्रूच्याही, जपानचा तेव्हाचा कारभारी होजो तोकिमुने याने 1282 मध्ये हे मंदिर उभारलं.

मला इथे धाडलं आमच्या धनुर्विद्येच्या बाईंनी. टोकियोतल्या निशी-कासाईजवळच्या क्रीडा केंद्रात मी क्यूदोच्या, म्हणजे जपानी धनुर्विद्येच्या, नवशिक्यांच्या वर्गाला जातो. तिथे पहिले कित्येक आठवडे बाण हातात मिळत नाही. आधी रबर लावलेली काठी ताणायची, मग नुसतं धनुष्य ओढायचं, आणि पुढे दोनेक मीटरवरच्या पेंढ्याच्या भाऱ्यावर बाण सोडायचा. खरं लक्ष्य 28 मीटरवर, जेमतेम 36 सेंटिमीटर व्यासाचं. धनुष्य माणसापेक्षा उंच आणि त्याची मूठ मधोमध नसून बरीच खाली. पाय रोवण्यापासून बाण सुटल्यावर तसंच उभं राहण्यापर्यंत आठ टप्पे. बाई ध्यानाबद्दल चकार शब्द काढत नाहीत. "खांदा खाली. डावं कोपर फिरवा. घाई नको." बस्स. धनुर्विद्या म्हणजेच झेन (ध्यानावर भर देणारा बौद्ध पंथ), हे समीकरण परदेशी वाचकांना भारी आवडतं. मला ते जरा फुगवलेलं वाटतं.

पण एंगाकुजीत आल्यावर थोडं नमतं घ्यावं लागलं. मुख्य दरवाज्यातून आत गेल्यावर डाव्या हाताला केइशोआन नावाचं छोटं उपमंदिर आहे. तिथे एन्मा, म्हणजे आपले यमराज, बसलेत आणि त्यांच्याच दालनात धनुर्धारी सराव करतात. पांढरा सदरा, काळा घेरदार हाकामा घातलेल्या एक आजी पूर्ण ताणलेलं धनुष्य धरून उभ्या होत्या. बाण सुटला, लक्ष्याच्या बाजूला मातीत रुतला. आजींच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. दोन्ही हात पसरलेले, नजर तिकडेच. मग सावकाश धनुष्य खाली. त्या उभं राहण्याला झानशिन म्हणतात. वर्गात आम्ही ते उरकून टाकतो.

पलीकडे कोजिरिन, गृहस्थांची ध्यानशाला. ही वास्तू मुळात टोकियोतल्या उशिगोमे भागातली याग्यू घराण्याच्या तलवारबाजीची तालीम. 1928 मध्ये इथे हलवली. आता तिथे झाझेन, म्हणजे झेनचं बैठं ध्यान, चालतं. मी गेलो तो शनिवार होता. मोजे काढायचे, गोल उशीवर मांडी घालायची, डोळे अर्धवट उघडे, श्वास एक ते दहा मोजायचे. हा झेनमधला रिंझाई पंथ, त्यामुळे भिंतीकडे तोंड नाही, समोरासमोरच्या रांगा. पंगतीत बसून वाढलेल्या माणसाला मांडीचं काय ते कौतुक, असं मनात म्हणत होतो, आणि शेजारचे जपानी लोक कुरकुरत बसताना पाहून गालातल्या गालात हसलोही. पण पंगतीत माणूस सारखा हलत असतो, हे लक्षात आलं डिसेंबरच्या थंडीत डावा पाय बधिर झाल्यावर. श्वास सातच्या पुढे जाईना. मध्येच खालून गाडी धडधडत गेली.

पट्टीसारखी लांब लाकडी काठी घेऊन भिक्षू फिरत असतो. ती मागायची असते. हात जोडले की तो समोर थांबतो, दोघांनी वाकायचं, हात छातीवर आडवे बांधून पाठ पुढे करायची. दोन्ही खांद्यांमागे फटके बसले. आवाज दणदणीत, पण लागलं फारसं नाही. खांदे मात्र आपसूक खाली आले, जे बाई वर्गात महिनोन्‌महिने सांगत होत्या.

जाणार असाल तर सैल पँट घाला, जीन्समध्ये पाय दुमडणं नको. सत्रांच्या वेळा बदलतात, मंदिराच्या संकेतस्थळावर पाहून निघा. नोव्हेंबरअखेरीला मेपलची पानं बघायला तोबा गर्दी उसळते. तेव्हा शक्यतो सकाळची पहिली गाडी धरा.