गिळण्याचे व्यायाम करताना : माझा अनुभव

न्यूमोनियातून उठल्यानंतर माझे वजन बरेच उतरले होते आणि पाणी पिताना हमखास ठसका लागत असे. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या ठसक्याचे कोणाला फारसे नवल वाटत नाही, त्यामुळे घरी सर्वांनी तो अशक्तपणावर ढकलला. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी मात्र औषध न लिहिता मला स्पीच थेरपिस्टकडे पाठवले, कारण जीभ, टाळू आणि स्वरयंत्र हे बोलण्याचे अवयवच गिळण्याचेही काम करतात.

थेरपिस्टबाईंनी व्यायाम सांगण्याआधी व्हिडिओफ्लुरोस्कोपी करून घेतली. यात बेरियम मिसळलेले पातळ आणि दाट पदार्थ गिळताना एक्स-रेचे चलच्चित्र घेतात. माझी जीभ घास व्यवस्थित मागे ढकलत होती, परंतु स्वरयंत्र वर आणि पुढे पुरेसे सरकत नसल्यामुळे अन्ननलिकेचे वरचे दार अर्धवटच उघडत होते आणि मागे उरलेले पाणी घशाच्या तळाशी साचून श्वासनलिकेकडे ओघळत होते. काहींच्या बाबतीत अन्न श्वासनलिकेत उतरूनही ठसका लागत नाही. शिवाय दोष जिभेच्या मुळाशी असेल तर व्यायामही वेगळे लागतात. त्यामुळे ऐकीव माहितीवर किंवा मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून हे व्यायाम सुरू करणे मला अजिबात पटत नाही.

माझ्या दोषासाठी सर्वांत परिचित व्यायाम अमेरिकेतील डॉ. रेझा शेकर यांच्या नावाने ओळखला जातो. उताणे झोपून, खांदे न उचलता, पायाची बोटे दिसतील इतके डोके वर करून मिनिटभर धरायचे आणि मिनिटभर विश्रांती घ्यायची, असे तीन वेळा. त्यानंतर डोके तीस वेळा उचलून टेकवायचे. आणि हे सारे दिवसातून तीनदा, सहा आठवडे करायचे. हनुवटीखालचे जे स्नायू स्वरयंत्र वर ओढतात, त्यांना यातून बळ मिळते. मला मानेचा स्पाँडिलोसिस असल्यामुळे बाईंनी हा व्यायाम टाळून त्याच स्नायूंसाठी दुसरा दिला : खुर्चीत ताठ बसून हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये रबरी चेंडू धरायचा आणि तो हनुवटीने दाबायचा. नातवाने चेंडू उदार मनाने दिला, पण मी तो नीट दाबतो की नाही यावर त्याची देखरेख फारच कडक होती.

खरा कस लागला तो मेंडेलसन पद्धतीत. गिळताना कंठमणी वर जातो, तो तिथेच दोन-तीन सेकंद रोखून मग सोडायचा असतो. जन्मभर आपोआप होत आलेली क्रिया मध्येच थांबवायची कशी, हे सांगून कळत नाही. आरशासमोर बसून, गळ्यावर बोट ठेवून ते हळूहळू जमले. तोंड कोरडे असले तर लाळेचा घोटच तयार होत नाही, म्हणून व्यायामापूर्वी तोंड ओले करून घ्यावे लागे.

या काळात चहा-पाणी दाट करून पिण्याची सूचना होती. दाट केलेला चहा मला शेवटपर्यंत आवडला नाही आणि त्यामुळे एकूण पिणेच कमी होऊ लागले, तेव्हा पातळ पदार्थांची भरपाई नाचणीच्या आंबिलीने आणि तांदळाच्या दाट पेजेने केली. पातळ आमटी कालवलेला भात मात्र बंद होता, कारण तोंडातली शिते चावेपर्यंत आमटी आधीच घशात उतरते. दोन्ही वेळा दात आणि जीभ स्वच्छ करण्यावर बाईंचा भर असे. चुकून लाळ फुप्फुसात गेलीच, तर तिच्यासोबत जाणारे जंतू तरी कमी असावेत, हा त्यामागचा हेतू.

पुन्हा केलेल्या चाचणीत दार अधिक उघडताना दिसले आणि मागे उरणारे पाणी कमी झाले होते. आता साधे पाणी लहान घोटांनी, बसूनच पितो. पोहे दह्यात भिजवून खातो, चुरमुरे अद्याप वर्ज्य आहेत. सराव सुटला की या वयात स्नायूंचे बळ लवकर ओसरते, म्हणून चेंडूचा व्यायाम कमी प्रमाणात चालूच ठेवला आहे.