क्यूएनएच ९९१

समोर बसलेल्या कॅप्टनबाईंच्या लॉगबुकात माझ्यापेक्षा कितीतरी जास्त तास होते, आणि त्यांची परीक्षा मी घेणार होतो. परीक्षक म्हणून काम करताना असे प्रसंग येतातच. परदेशात मोठी जेट विमानं चालवून त्या कायमच्या परतल्या होत्या आणि मूळ परवान्याची मुदत कधीच टळून गेली होती.

इतका अनुभवी माणूस परवाना संपू कसा देतो, असं बाहेरच्यांना वाटतं. यात हलगर्जीपणा नसतो. १९४४ च्या शिकागो कराराच्या ३२ व्या कलमानुसार आंतरराष्ट्रीय उड्डाण करणारं विमान ज्या देशात नोंदलेलं असेल, त्या देशाने दिलेला किंवा मान्य केलेला परवाना वैमानिकाकडे असावा लागतो. म्हणजे परदेशी कंपनीत गेलं की तिथला परवाना, तिथली मेडिकल, तिथले सिम्युलेटर चेक. मूळ परवान्याचं मेडिकल आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (ढगांत फक्त उपकरणांच्या आधाराने उडण्याची परवानगी) जिवंत ठेवायचं तर हे सगळं दुसऱ्यांदा करायचं, तेही सुट्टी काढून. बहुतेकांचं ते राहून जातं.

परत आल्यावर मेडिकल झालं, हवाई कायद्याचा पेपर झाला, प्रशिक्षण संस्थेत उजळणीही झाली. राहिली होती ती माझ्यासोबतची परीक्षा. त्यांचं नेहमीचं जेट इथे उपलब्ध नव्हतं, त्यामुळे इन्स्ट्रुमेंट रेटिंग दोन पिस्टन इंजिनांच्या छोट्या विमानाच्या सिम्युलेटरवर होणार होतं. एकट्याने. शेजारी सहवैमानिक नाही, उंची मोठ्याने सांगणारा रेडिओ अल्टिमीटर नाही, जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा नाही. लांब पल्ल्याच्या जेटवरून आलेल्या माणसाला ही कॉकपिट फार रिकामी वाटते.

टेकऑफनंतर लगेच मी डावं इंजिन बंद पाडलं. नाक डावीकडे वळताच त्यांचा उजवा पाय रडरवर गेला. डावा पाय मोकळा, म्हणजे डावं इंजिन गेलं, ही खात्री त्यांनी थ्रॉटल मागे ओढून करून घेतली आणि मगच प्रोपेलर फेदर केला, म्हणजे हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून त्याची पाती वाऱ्याच्या दिशेने वळवली. जेटमध्ये फेदर करायला प्रोपेलरच नसतो, म्हणून परतलेले लोक इथेच अडखळतात. कॅप्टनबाईंचा वेग निळ्या रेषेवरून, म्हणजे एका इंजिनावर चढण्याच्या योग्य वेगावरून, हलला नाही. पाहताना मन प्रसन्न झालं.

मग आयएलएस अप्रोच, म्हणजे जमिनीवरून येणाऱ्या रेडिओ संकेतांच्या आधाराने धावपट्टीकडे उतरणं. सिम्युलेटरमध्ये मी समुद्रसपाटीजवळचा विमानतळ, खाली उतरलेले ढग आणि कमी दाबाचं हवामान लावलं होतं. नियंत्रकाची भूमिकाही माझीच. मी सांगितलं, ‘तीन हजार फुटांवर उतरा, क्यूएनएच नऊ नऊ एक हेक्टोपास्कल.’ क्यूएनएच म्हणजे समुद्रसपाटीवरचा हवेचा दाब; तो लावला की दाबावरून उंची दाखवणारा अल्टिमीटर समुद्रसपाटीपासूनची बरोबर उंची दाखवतो. त्यांनी ‘नऊ नऊ एक’ असा रीडबॅक दिला, म्हणजे आकडा परत म्हणून दाखवला, आणि अल्टिमीटरची कळ फिरवली.

त्या अल्टिमीटरला दोन खिडक्या होत्या, एक हेक्टोपास्कलची आणि एक पाऱ्याच्या इंचांची. अमेरिका, कॅनडा, जपान इथे दाब इंचांत सांगतात, आणि कॅप्टनबाईंची सगळी परदेशी नोकरी इंचांच्या प्रदेशात झाली होती. ‘नऊ नऊ एक’ ऐकून सवयीने त्यांनी इंचांच्या खिडकीत २९.९१ लावलं.

२९.९१ इंच म्हणजे जवळपास १०१३ हेक्टोपास्कल. खरा दाब ९९१. फरक २२ चा, आणि समुद्रसपाटीजवळ एका हेक्टोपास्कलला सुमारे २७ फूट धरले तर चूक होते ६०० फुटांची. काटा ३,००० दाखवत होता, माझ्या पडद्यावर विमान २,४०० वर होतं. ढगांत बसलेल्या माणसाला यातलं काहीही जाणवत नाही.

हा धोका कागदावरचा नाही. २०२२ च्या मे महिन्यात पॅरिसच्या चार्ल्स द गॉल विमानतळावर उतरणाऱ्या एका एअरबस ए-३२० ला १००१ ऐवजी १०११ क्यूएनएच दिला गेला. चूक फक्त १० हेक्टोपास्कलची. धावपट्टी अजून सुमारे दीड किलोमीटर लांब असताना ते विमान जमिनीपासून ६ फुटांवर आलं होतं, आणि तिथून ते पुन्हा वर गेलं. त्या अप्रोचमध्ये खाली उतरण्याचा मार्ग अल्टिमीटरच्या दाबावर बेतलेला होता. आयएलएसची ग्लाइड पाथ, म्हणजे उतरणीची वाट दाखवणारा संकेत, जमिनीवरच्या अँटेनातून येते, ती दाबाने हलत नाही. पण निर्णयाची उंची अल्टिमीटरवरच वाचायची असते. आमच्या बाबतीत काटा ६०० वर असताना चाकं धावपट्टीला टेकली असती. धावपट्टी दिसली नाही तर २०० फुटांवर परत फिरायचं, तो आकडा आलाच नसता.

मी गप्प राहिलो. परीक्षकाला गप्प राहावंच लागतं, आणि त्या दिवशी ते मला जड गेलं.

ग्लाइड पाथची सुई अपेक्षेपेक्षा जवळपास दोन मैल उशिरा हलली. कॅप्टनबाईंनी चार्टवर नजर टाकली, काही बोलल्या नाहीत. उतरण सुरू झाली. धावपट्टीपासून चार मैलांवर चार्टप्रमाणे १,३०० फुटांच्या आसपास असायला हवं. काटा १,९०० वर होता आणि सुई बरोबर मधोमध.

‘उंची जुळत नाही. गो-अराउंड.’

म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जायचं. एक क्षणही रेंगाळल्या नाहीत. पूर्ण पॉवर, नाक वर, गिअर वर, मिस्ड अप्रोचचा मार्ग. विमान सावरल्यावर त्यांनी पहिला प्रश्न क्यूएनएचचा विचारला. उत्तर ऐकता ऐकता त्यांचं बोट इंचांच्या खिडकीवरून हेक्टोपास्कलच्या खिडकीवर आलं.

आता निर्णय माझ्याकडे होता. तो गो-अराउंड मी पाहिलेल्या उत्तम गो-अराउंडपैकी एक. सुई मधोमध असताना ‘सगळं ठीक आहे’ असं वाटून खाली जाणारे कितीतरी जण मी पाहिलेत. पण परीक्षेत उंचीची सवलत १०० फुटांची आहे आणि त्या ६०० फूट खाली उडत होत्या. खऱ्या आकाशात त्या उंचीवर टेकडी किंवा मनोरा असू शकतो. मी त्या एका विभागासमोर ‘अनुत्तीर्ण’ लिहिलं, बाकी सगळे विभाग उत्तीर्ण.

सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, ‘सर, अप्रोच परत द्यावा लागेल ना? द्यायलाच हवा. हात आपोआप तिकडे गेला.’

पुन्हा परीक्षा झाली तेव्हा मी ९८७ दिला. त्यांनी ‘हेक्टोपास्कल’ हा शब्दही रीडबॅकमध्ये स्पष्ट म्हटला आणि उतरण सुरू करण्याआधी चार्टवरची उंची मोठ्याने वाचली. परवाना त्याच आठवड्यात नवा झाला.

नंतर एका सहकाऱ्याने मला सुनावलं की १,००० च्या खालचा, इंचांच्या आकड्याशी गोंधळ होऊ शकेल असा क्यूएनएच देणं म्हणजे सापळा लावणं झालं. मला ते मान्य नाही. कमी दाबाचा दिवस कुणाला विचारून येत नाही. पण त्याच्या बोलण्यातला एक भाग मला पटला. अशा गोष्टीशी पहिली गाठ परीक्षेत पडू नये, उजळणीत पडावी. म्हणून मी प्रशिक्षण संस्थेशी बोललो. इंचांच्या प्रदेशातून परतणाऱ्या प्रत्येक वैमानिकाला आता प्रशिक्षणातच असा एक अप्रोच दिला जातो, आणि ट्रान्झिशन अल्टिट्यूडसुद्धा (ज्या उंचीवर स्थानिक क्यूएनएच सोडून १०१३ हा प्रमाण दाब लावतात ती) मुद्दाम बदलून ठेवतात, कारण अमेरिकेत १८,००० फुटांची सवय झालेला माणूस ५,००० वर १०१३ लावायचं विसरू शकतो.