आमची वाटचाल : मत माणशी, बोनस क्विंटलमागे

आमची शेतकरी उत्पादक कंपनी सभासदांचं सोयाबीन घेते, चाळणी मारते आणि गाडी भरून थेट तेलाच्या प्लांटला देते. नोंदणीला दहा शेतकरी, पाच संचालक पुरतात. ते काम सोपं. मालक कोण आणि कारभार कुणाचा, याचा मेळ बसायला मात्र हंगामच्या हंगाम जातात.

उत्पादक कंपनीची तरतूद कायद्यात आली 2003 साली. शेअर कितीही घ्या, मत एकच. शेअरवर मर्यादित परतावा द्यायचा, राखीव निधी बाजूला काढायचा आणि उरलेल्यातून बोनस वाटायचा तो घातलेल्या मालावर. समजा, सर्वसाधारण सभेने क्विंटलमागे 60 रुपये ठरवले. शंभर शेअरवाल्याने 3 क्विंटल घातले असतील तर त्याला 180 रुपये, दहा शेअरवाल्याने 40 घातले असतील तर त्याला 2400.

गळती होते ती काट्यावर. व्यापारी रोख मोजतो, आमचे पैसे प्लांटची पट्टी, म्हणजे मालाचा हिशेब, आल्यावर. बाजारात पन्नास रुपये जास्त दिसले की सभासदच माल बाहेर घालतो, आणि सभेला हात वर करायला पहिल्या रांगेत! मतदान सक्रिय सभासदांपुरतं ठेवायची कायद्यात मुभा आहे, पण ते नियमावलीत असावं लागतं: किती क्विंटल, किती वर्षं, आकड्यानिशी. हे कलम नोंदणीच्या वेळीच घालावं. मागाहून दुरुस्ती करायची तर ज्यांचं मत जाणार, त्यांचीच मतं मागावी लागतात.

मालाच्या किमतीतला काही भाग रोखून ठेवून पुढे रोखीने किंवा शेअर देऊन फेडता येतो. खेळत्या भांडवलाला याहून स्वस्त वाट नाही. मात्र पावतीवर वजन, हवा (दाण्यातला ओलावा), माती, डागी (खराब दाणे), दर यांच्या शेजारी ‘रोखलेली रक्कम’ हा रकाना हवाच. नसेल तर ‘पैसे कापले’ अशी गावभर बोंब होते. हवा सभासदाच्या डोळ्यांदेखत मोजावी.

सभेला कोरम, म्हणजे किमान हजेरी, सभासदांच्या एक चतुर्थांश. 400 सभासद म्हणजे 100 माणसं बसलेली हवीत. सप्टेंबरअखेर काढणी तोंडावर येते, कुणी फिरकत नाही. पोळा झाला की लगेच सभा उरकावी.

भांडवलाचं दुखणं वेगळंच. शेअर विकायचा तर सक्रिय सभासदालाच, तोही दर्शनी किमतीला आणि संचालक मंडळाच्या परवानगीने. बाहेरचा पैसेवाला इथे कशाला येईल? मग गोदामाच्या कर्जाला बँक संचालकांची वैयक्तिक हमी मागते. मालक चारशे, सह्या पाच जणांच्या. संचालकपदाचा अर्ज देतानाच हे त्या माणसाला, आणि त्याच्या घरच्यांनाही, सांगितलेलं बरं.