सोफ्याला तिळाचं तेल

कॅनडात, कॅल्गरीतल्या पहिल्याच हिवाळ्यात मी सेकंडहँड लेदर सोफा घेतला. तांबूस, लोण्यासारखा मऊ. पाय गरम राहावेत म्हणून नेमका जमिनीतल्या गरम हवेच्या जाळीजवळ मांडला. बाहेर उणे २५, घरात दिवसरात्र गरम हवेची भट्टी (फर्नेस), हवेत ओलावा नावाला. माझे ओठ फुटले, तसा फेब्रुवारीत सोफाही तडकायला लागला. ठाण्याच्या नौपाड्यातून व्हिडिओ कॉलवर बाबांनी लगेच इलाज सांगितला, "अगं, कोल्हापुरीला लावतो तसं तिळाचं तेल चोळ!"

चोळलं. सकाळी बसायच्या जागी ताटाएवढा काळा डाग.

बाबांचं तेल बरोबर होतं, चामडं वेगळं होतं. कोल्हापुरीचं जाड चामडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावतात, ते तेलाने नरम पडतं. सोफ्याचं बहुतेक क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं. त्यातून माझा निघाला ॲनिलीन, म्हणजे रंग आत मुरवलेला, वर थर जवळजवळ नाहीच. जे सांडेल ते पितो. इथल्या एका दुरुस्तीवाल्याने ओळखायची खूण दाखवली. सोफ्याच्या मागे, कुणाला दिसणार नाही तिथे, पाण्याचा थेंब टाकायचा. अळूच्या पानावर राहतो तसा राहिला तर वर रंगाचा थर आहे. ओलसर फडक्याने खुशाल पुसा. जिरून काळपट झाला तर ॲनिलीन: कोरडं फडकं, आणि सांडलं तर टिपायचं, घासायचं नाही. स्वेड-न्यूबकला, म्हणजे मखमलीसारख्या लवेच्या चामड्याला, पाणी नकोच, मऊ ब्रश. डागावर रात्रभर टाल्कम पावडर ठेवली, अर्धा गेला. उरलेल्यावर आईच्या जुन्या साडीची गोधडी आहे. सोफा जाळीपासून दोन फूट सरकवला आणि हवेत ओलावा सोडणारा ह्युमिडिफायर आणला.

गेल्या जुलैत ठाण्याला आले तर तिथे नेमकं उलटं. आईने सोफ्यावरचं दुकानातलं प्लास्टिक तीन वर्षं काढलेलं नाही ("नवा राहतो गं!"). भिंतीला चिकटलेली पाठ ओढली, तर पांढरी बुरशी, पिठीसाखर भुरभुरल्यासारखी. सोफा गॅलरीत नेऊन आधी कोरड्या ब्रशने झटकला, नाहीतर घरभर तीच उडते. मग केमिस्टकडचं सर्जिकल स्पिरिट आणि पाणी निम्मंनिम्मं, फडक्याला लावून, आधी कोपऱ्यात रंग सुटत नाही ना बघून. त्यावर पंखा. आई भांड्यांचा साबण घेऊन तयारच होती. तिला अडवलं, कारण चामडं किंचित आम्लधर्मी असतं आणि बरेचसे साबण अल्कधर्मी. वरचं फिनिश त्यातच जातं. प्लास्टिक गेलं, सोफा भिंतीपासून वीतभर पुढे आला. बाबांच्या डोक्याच्या तेलाने जिथे चिकट झालाय, तिथे आता नॅपकिन असतो. किती दिवस, देव जाणे.

बाबांच्या रिक्लायनरचं मात्र काही करता आलं नाही. 'लेदर' म्हणून विकलेलं ते निघालं कापडावर पॉलियुरेथेनचा थर, आणि दमट हवेत तो थर विघटित होऊन सुटतो. बाबा उठले की लेंग्याला काळे पापुद्रे. त्याला महागडं क्रीम लावणं म्हणजे टकलाला कंगवा. दुकानदार म्हणाला, "मॅडम, पावसाळ्यात होतंच."

निघताना कॅल्गरीहून नेलेली लेदर क्रीमची डबी बाबांकडे ठेवली. परवा कॉलवर बघते, तर कोल्हापुरी चकाचक आणि डबी निम्मी.